ताम्हिणीचा उतार आणि हलक्या गाडीचे ब्रेक

मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याला पोहोचते तेव्हा ते सुमारे ५०० मीटर खाली उतरलेले असते. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी कोकणात सोडायचे आणि उतरता उतरता त्याच्याकडून वीज काढून घ्यायची, हा टाटांचा हिशेब होता. त्या हिशेबापायी मुळशी खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली, १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. तो इतिहास मोठा आहे. या प्रकरणापुरते महत्त्वाचे इतकेच, की त्याच जलाशयाच्या कडेने गेलेला रस्ता ताम्हिणी घाटातून विळे-निजामपूरकडे उतरतो तेव्हा तोही साधारण तेवढीच उंची सोडतो. पाणी ती उंची टर्बाइनच्या हवाली करते, गाडी ब्रेकच्या.

पुण्याहून जुनी, हलकी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार घेऊन चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत रविवारी सकाळी मुळशीकडे निघणारे हौशी लोक आहेत. गाडी एमजी असेल, ट्रायम्फ स्पिटफायर असेल, ऑस्टिन-हिली स्प्राइट असेल. तिला वेगाची हौस असते आणि थांबण्याची क्षमता पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. अशी गाडी घेतल्यावर मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो ‘ब्रेक मोठे करून घेऊ’ हा. विचार चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कोणते मोठे करायचे, कशासाठी आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवायचे असेल तर आधी घाटाचा हिशेब मांडावा लागतो.

उंचीची उष्णता

सुरुवातीच्या काळातली स्पिटफायर जेमतेम ७०० किलोच्या आसपास भरते. त्यात दोन माणसे, पेट्रोल आणि थोडे सामान धरले की ९०० किलो होतात. हे वजन ५०० मीटर खाली आणायचे म्हणजे सुमारे ४४ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. तीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर ब्रेकला सुमारे २ लाख २२ हजार जूल पचवावे लागतात. भागाकार केला तर उत्तर २० येते. एकदा घाट उतरणे म्हणजे ८० च्या वेगावरून लागोपाठ वीस वेळा गाडी थांबवणे.

आता ही उष्णता जाते कुठे ते पाहू. पुढच्या दोन डिस्क प्लेटा मिळून ८ किलो ओतीव लोखंडाच्या आहेत असे धरा. ब्रेकचे सुमारे ७० टक्के काम पुढची चाके करतात. मग ८० वरून एकदा थांबल्यावर त्या प्लेटांचे तापमान साधारण ४० अंशांनी वाढते. ते काहीच नाही, गाडी पुढे निघाली की वारा ते घेऊन जातो. पण घाटातली सगळी उंची ब्रेकनेच जिरवली आणि वाऱ्याने काहीच नेले नाही, तर तेच गणित ८०० अंशांच्या पलीकडे जाते. प्रत्यक्षात टायरचे घर्षण, वारा आणि इंजिन आपापला वाटा उचलतात, म्हणून तितके होत नाही. तरी दिशा कळते.

दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. सहा टक्के उतारावर ताशी ४० किलोमीटरने उतरताना, टायरचा विरोध वजा केल्यावर, सुमारे ४.४ किलोवॉट इतकी शक्ती सतत जिरवावी लागते. बाथरूममधले दोन गीझर एकाच वेळी चालू ठेवावेत, तेवढी ही उष्णता. दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना इंजिन त्यातला मोठा भाग स्वतःवर घेते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की तो वाटाही ब्रेकवर येऊन पडतो.

म्हणजे सपाटीवरच्या ब्रेकची परीक्षा एका झटक्याची असते, घाटातली सहनशक्तीची. झटक्याच्या परीक्षेत बहुतेक जुने ब्रेक, नीट राखलेले असतील तर, पास होतात. सहनशक्तीच्या परीक्षेत ते कुठे नापास होतात, तेवढीच दुरुस्ती आपल्याला विकत घ्यायची आहे.

ड्रमपासून डिस्कपर्यंत

जुन्या स्पोर्ट्स कार ब्रेकच्या बाबतीत दोन पिढ्यांत मोडतात. पहिली पिढी चारही चाकांना ड्रम असलेली. युद्धोत्तर एमजी टीसी आणि टीडी, १९५८ ची पहिली ‘फ्रॉगआय’ स्प्राइट या तिथल्या. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात वर्षानुवर्षे बनलेली फियाट ११०० स्पोर्ट्स कार नव्हे, पण चार ड्रमांची तिची रचना याच पिढीची. ज्याने फियाटचे शू स्वतः बदलले आहेत त्याला फ्रॉगआयचे ड्रम उघडल्यावर परके वाटत नाही.

दुसरी पिढी पुढे डिस्क, मागे ड्रम असलेली. डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ सालीच घेतले होते, पण त्याचा बोलबाला झाला तो १९५३ मध्ये, जग्वार सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क लावून ल मॉन्सची २४ तासांची शर्यत जिंकली तेव्हा. पुढे १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर३ ला पुढच्या चाकांना डिस्क आल्या. १९६२ हे वर्ष तर या बाबतीत भरगच्च: स्पिटफायर पुढच्या डिस्क घेऊनच आली, स्प्राइटला सव्वाआठ इंची डिस्क मिळाल्या, एमजीबीला पावणेअकरा इंची, आणि लोटस एलानला चारही चाकांना.

ड्रम आणि डिस्क यांतला खरा फरक आकाराचा नाही, स्वभावाचा आहे. ड्रममध्ये फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो आणि तो शू आणखी घट्ट दाबला जातो. पायाचा जोर कमी लागतो, ही त्याची चांगली बाजू. पण लायनरचे घर्षण थोडे घटले की ही आपोआप मिळणारी मदतही घटते आणि ब्रेक एकदम उतरतो. डिस्कमध्ये पॅड सरळ प्लेटवर दाबले जातात, फुकटची मदत नाही. म्हणून जोर जास्त लागतो, पण घर्षण दहा टक्क्यांनी घटले तर ब्रेकही साधारण तेवढाच घटतो. ताम्हिणीच्या उतारावर हा अंदाज येणे फार मोलाचे असते.

ड्रमची आणखी एक खोड आहे. लोखंड तापले की फुगते. २३० मिलिमीटर व्यासाचा ड्रम २०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे अर्ध्या मिलिमीटरने वाढतो, म्हणजे ड्रम शूपासून दूर जातो आणि पेडल लांब जाते. डिस्क प्लेट तापली तर ती जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळ येते.

पावसाचा मुद्दा मुळशीत वेगळा सांगायला नको. ताम्हिणी हा महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यातला भाग. ड्रममध्ये शिरलेले पाणी आत राहते आणि पहिले एक-दोन ब्रेक रिकामे जातात. डिस्कवरचे पाणी पॅड एका फेरीत पुसून टाकतात. ड्रमची गाडी घेऊन जुलैत जाणाऱ्याने वाहत्या पाण्यातून गाडी काढली की लगेच, पुढच्या वळणाची वाट न पाहता, हलका पाय ठेवून शू कोरडे करावेत.

पहिला खर्च: जे आहे ते जागेवर आणणे

‘ब्रेक लागतोय, पण गाडी धरत नाही’ ही तक्रार घेऊन आलेल्या जुन्या गाडीचे ड्रम उघडले की बहुतेक वेळा तिथे नव्या भागांची गरज दिसत नाही, जुन्या दुर्लक्षाची दिसते. गळका व्हील सिलिंडर, तेलाने भिजलेले लायनर, एका बाजूलाच घासलेला शू, लेथवर इतक्या वेळा टर्न केलेला ड्रम की त्यात धातूच उरलेला नाही. ड्रम जितका पातळ, तितके उष्णता साठवायला लोखंड कमी. वरच्या गणितात ८ किलोच्या जागी ६ किलो घाला म्हणजे किती फरक पडतो ते दिसेल.

म्हणून अपग्रेडचे पहिले पान हे दुरुस्तीचे पान आहे. मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडर तपासून घ्यायचे. आतून गंजाचे खड्डे पडले असतील तर नुसते वॉशर किट बदलून भागत नाही, सिलिंडरच बदलावा किंवा त्यात स्टेनलेस स्टीलची नळी बसवून घ्यावी. रबरी होज पाइप बाहेरून चांगले दिसले तरी आतून फुगलेले असतात. ब्रेक लागताना तेल पुढे जाते, पण सोडल्यावर मागे येत नाही आणि चाक जखडून राहते. चाक न सुटण्याचे कारण कॅलिपरमध्ये शोधत बसण्याआधी होज बदलून पाहावा. पोलादी पाइपांना आपल्या पावसात गंज चढतो. तांबे आणि निकेलच्या मिश्रधातूचे पाइप मिळतात, ते वाकवायला सोपे आणि गंजापासून सुरक्षित. शुद्ध तांब्याचे पाइप मात्र टाळावेत, सततच्या थरथरीने तांबे कडक होऊन तडकते.

स्टीलच्या जाळीचे होज हा हौशी लोकांचा आवडता खर्च. त्याने पेडल कडक लागते हे खरे, पण गाडी कमी अंतरात थांबत नाही. जुने होज बदलायचेच आहेत तर हे घालायला हरकत नाही. चांगले रबरी होज काढून हे घालण्यात अर्थ नाही.

हे सगळे झाल्यावर शू नीट ॲडजस्ट करून, चारही चाकांची एअर काढून, गाडी एकदा घाटात न्यावी. बऱ्याच जणांची अपग्रेडची इच्छा इथेच निम्मी होते.

ब्रेक ऑइल: सगळ्यात स्वस्त अपग्रेड

घाटात ब्रेक जाण्याचे एक कारण डोळ्यांना दिसत नाही. ब्रेक ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते. पेडल जमिनीला टेकते, चाकाला काही कळतच नाही.

नेहमीचे ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. नवे डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की मानकानुसार ती मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. मुळशीच्या पावसात वापरली जाणारी गाडी असेल तर दर वर्षी, निदान दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर ऑइल बदलणे हा सर्वांत कमी पैशांत मिळणारा सर्वांत मोठा फायदा आहे.

डॉट ५ हे नाव डॉट ५.१ चे भावंड वाटते, पण ते सिलिकॉनचे असते. ते रंग खराब करत नाही, पाणी शोषत नाही, म्हणून प्रदर्शनातल्या गाड्यांना ते आवडते. पण आत शिरलेले पाणी त्यात मिसळत नाही. ते खाली, म्हणजे नेमके व्हील सिलिंडर आणि कॅलिपरपाशी, जाऊन बसते आणि १०० अंशांना उकळते. शिवाय पेडल थोडे मऊ लागते. ग्लायकॉल आणि सिलिकॉन एकमेकांत कधीही मिसळू नयेत. घाटात चालवायच्या गाडीला ताजे डॉट ४ किंवा ५.१ हेच योग्य. इंजिन ऑइल किंवा साधे हायड्रॉलिक ऑइल चुकूनही घालू नये. खनिज तेलाने ब्रेकची रबरे फुगून निकामी होतात.

एक सवयही सांगायला हवी. घाट उतरून विळ्याला चहासाठी गाडी उभी केली, की वारा थांबतो आणि तापलेल्या डिस्कची उष्णता कॅलिपरमधून ऑइलमध्ये उतरते. उतरताना ठीक असलेले पेडल चहानंतर खाली जाते, याचे कारण हे. शेवटचा किलोमीटर-दीड किलोमीटर ब्रेक जवळपास न लावता, सावकाश आणि गिअरमध्ये जावे, मगच थांबावे.

पॅड, लायनर आणि टायर

ऑइलनंतर नंबर पॅडचा. अनेक पॅडांच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले थंड असतानाच्या घर्षणाचे, दुसरे गरम असतानाच्या. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. रस्त्यावरच्या हलक्या गाडीला ‘एफएफ’ पुरेसे असते: थंड असतानाही तेवढेच धरते, तापल्यावरही तेवढेच.

शर्यतीचे पॅड घेण्याचा मोह इथे होतो. जड गाडी शर्यतीत जितकी प्लेट तापवते तितकी ९०० किलोची गाडी रस्त्यावर तापवत नाही. शर्यतीचा पॅड गरम झाल्याशिवाय धरत नाही, आणि पौडच्या बाजारात अचानक समोर आलेल्या सायकलसाठी तो थंडच असतो. हलक्या गाडीसाठी मध्यम पॅड हाच वेगवान पॅड.

ड्रमच्या गाडीला नवे शू मिळत नसतील तर जुन्या शूंवर लायनर चढवून मिळतात. नाना पेठेत किंवा ओळखीच्या ब्रेकवाल्याकडे काम देताना ॲस्बेस्टॉस नसलेले लायनर मागावे आणि चिकटवलेले की रिव्हेट केलेले ते विचारून घ्यावे. जुने शू घासताना उडणारी धूळ ॲस्बेस्टॉसची असू शकते, ती हवेच्या पाइपने कधीही उडवू नये. नवे पॅड किंवा लायनर घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्ये थोडे अंतर सोडत आठ-दहा वेळा ब्रेक लावून ते बसवून घ्यावेत.

आणि टायर. ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवतो. ताशी ८० वरून कोरड्या डांबरावर, घर्षण ०.८ धरले तर, गाडी सुमारे ३१ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर ते ०.५ वर आले की तिला ५० मीटर लागतात. या दोन आकड्यांत ब्रेकच्या आकाराचा काहीच वाटा नाही. चाक जखडण्याइतका जोर तुमचा सध्याचा ब्रेक देत असेल, तर मोठ्या ब्रेकने ते अंतर एक मीटरनेही कमी होणार नाही. टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा पाहावा, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत पण रबर दहा वर्षांचे, असा टायर जुन्या गाड्यांवर हमखास सापडतो. पार्किंगमध्ये दिवस काढलेल्या गाडीचे टायर झिजत नाहीत, वाळतात. ब्रेकवर पैसे टाकण्याआधी ते बदलावेत.

डिस्क मोठी करायची तर

इतके करूनही घाटात पेडल लांब जात असेल, पॅडचा जळका वास येत असेल, तर मग लोखंड वाढवायची वेळ आली. यात सुवर्णनियम एक: त्याच घराण्यातल्या थोरल्या गाडीचा भाग घ्यावा. स्पिटफायर ट्रायम्फच्याच हेराल्डच्या सांगाड्यावरून जन्मली. हीच हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने १९६१ पासून भारतात बनवली. स्पिटफायरचीच दणकट बहीण जीटी६. स्पिटफायरची डिस्क नऊ इंची, जीटी६ ची ९.७ इंची, कॅलिपरही मोठा. पुढच्या चाकाचा उभा दांडा बदलून हा संच स्पिटफायरला बसतो. भूमिती तीच राहते, गाडीच्या कारखान्यानेच तो आकार दुसऱ्या गाडीवर तपासलेला असतो. फ्रॉगआयसाठी नंतरच्या स्प्राइटच्या सव्वाआठ इंची डिस्क हे असेच घरचे उत्तर.

नियम दुसरा: कॅलिपर बदलला की मास्टर सिलिंडरचा विचार करायचा. कॅलिपरचे पिस्टन मोठे म्हणजे त्यांना हलवायला जास्त ऑइल लागते आणि पेडल लांब जाते. म्हणून मास्टर सिलिंडर थोडा मोठा करतात. पण ०.७० इंचावरून ०.७५ इंचावर गेले तर क्षेत्रफळ सुमारे १५ टक्क्यांनी वाढते, म्हणजे तोच दाब मिळवायला पायाला तेवढा जोर जास्त लागतो. पेडल आखूड झाले म्हणजे ब्रेक चांगला झाला, असे समजू नये.

नियम तिसरा: पुढची आणि मागची वाटणी बिघडवायची नाही. ब्रेक लावला की गाडीचे वजन पुढे झुकते. पुढच्या-मागच्या चाकांत सव्वादोन मीटरहून कमी अंतर असलेल्या, ठेंगण्या, ९०० किलोच्या गाडीत कडक ब्रेकच्या वेळी सुमारे १६० किलो मागच्या चाकांवरून पुढच्यांवर सरकतात. उभी असताना निम्मे-निम्मे असलेले वजन ६१० आणि २९० असे होते. ओल्या रस्त्यावर हलका ब्रेक असतो, तेव्हा फक्त ८० किलो सरकतात. कारखान्याने मागचा ब्रेक या दोन टोकांच्या मधला काहीतरी म्हणून ठरवलेला असतो.

म्हणून मागच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवण्याचा उत्साह आवरावा. मागचा ब्रेक जास्त धरू लागला की मागची चाके आधी जखडतात आणि गाडी वळणात फिरते. ताम्हिणीच्या वळणांवर डावी-उजवीकडे फिरायला जागा नसते. शिवाय जुळवून आणलेल्या मागच्या डिस्कचा हँडब्रेक बहुधा कमजोर असतो. ड्रमचा हँडब्रेक चढावर गाडी धरायला अजूनही उत्तम. पुढे दोन लीडिंग शू असलेल्या ड्रमच्या गाडीत तर हँडब्रेकला आणखी महत्त्व आहे. असे शू पुढे जाताना खूप धरतात, पण चढावर गाडी मागे घसरू लागली की त्यांची स्वतःहून मिळणारी मदत नाहीशी होते.

भोके पाडलेल्या प्लेटा, हवा खेळती ठेवणाऱ्या दुहेरी प्लेटा, चार-सहा पिस्टनचे लाल कॅलिपर हे बाजारात आकर्षक दिसते. इटलीच्या ब्रेम्बोचा कारखाना आपल्याच चाकणला आहे, त्यामुळे ते नाव इथल्या कोणत्याही गॅरेजात निघते. पण ते भाग हजार-दीड हजार किलोच्या, शंभर-दोनशे अश्वशक्तीच्या गाड्यांसाठी घडलेले असतात. १३ इंची चाकात ते मुळात मावत नाहीत, मावले तर चाकाबरोबर उड्या मारणारे वजन वाढवतात, आणि हलक्या गाडीची खरी चैन, म्हणजे खड्ड्यांवरून तिचे चटकन सावरणे, तीच घालवतात. भोकांपासून तर डिस्कला तडे जायला सुरुवात होते.

जे खरोखर जीव वाचवते

या यादीत दिसायला फारसा नसलेला एक बदल आहे आणि माझ्या मते तो मोठ्या डिस्कच्या आधी यायला हवा: दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर. जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच पाइपलाइन असते. एक होज फुटला की चारही चाके गेली. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या कारना दोन वेगळ्या सर्किटांची सक्ती झाली, त्याच सुमारास एमजीबीच्या अमेरिकेतल्या गाड्यांना असा सिलिंडर मिळाला. एका सर्किटने पुढची, दुसऱ्याने मागची चाके धरली की एक बाजू गेली तरी गाडी थांबते, लांब अंतरात का होईना. जुळणारा व्यास निवडला तर हा बदल बाहेरून दिसतही नाही.

व्हॅक्यूम बूस्टरबद्दल एक गैरसमज आहे. तो पायाचे कष्ट कमी करतो, टायरचे घर्षण वाढवत नाही, की ब्रेकची उष्णता घटवत नाही. आणि तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणाऱ्याचा बूस्टर दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर रिकामा होतो, आणि मग पेडल दगडासारखे होते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातले तपशील मूळ निर्मात्याच्या तपशिलांपासून वेगळे होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली मोटार किंवा दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

ब्रेकचे नाव त्या व्याख्येत नाही, पण ‘मूळ रूप’ हा शब्द व्यापक आहे. म्हणून पन्नाशीच्या जवळ आलेल्या गाडीवर करायचा प्रत्येक बदल नटबोल्टने बसणारा आणि परत काढता येणारा असावा. चासीला कापू-जोडू नये. काढलेले मूळ भाग तेल लावून, नावे लिहून जपून ठेवावेत. विमा कंपनीला बदल आधी कळवावा, अपघातानंतर नव्हे.

क्रम

पुण्यातच १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे. गाड्यांना मान्यता देण्यापूर्वी त्यांचे ब्रेक मुद्दाम तापवून पुन्हा तपासले जातात, तशा चाचण्या तिथे होतात. जुन्या गाडीला ती सोय नाही. तिची तापलेल्या ब्रेकची चाचणी मालकालाच घाटात, दिवसाउजेडी, कोरड्या रस्त्यावर आणि गर्दी नसताना घ्यावी लागते. म्हणून एका वेळी एकच बदल करावा आणि मग उतरून पाहावे. चार बदल एकदम केले की कशाने काय सुधारले, काय बिघडले, ते कळत नाही.

क्रम असा: आधी जुने सगळे भाग नीट करणे, मग ताजे ऑइल आणि होज, मग टायर, मग योग्य पॅड किंवा लायनर, मग दुहेरी सर्किट, आणि एवढे करूनही घाटात ब्रेक दमत असेल तरच त्याच घराण्यातली मोठी पुढची डिस्क. मागचे ड्रम तसेच ठेवावेत. आणि यातले काहीही केले किंवा न केले तरी, ज्या गिअरने घाट चढलात त्याच गिअरने तो उतरावा. तेवढ्याने वाचणारी उष्णता कोणत्याही कॅलिपरच्या किमतीपेक्षा मोठी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.